मग मीठ जातं कुठं?

माझी धाकटी बहीण संघरत्ना लहानपणी माती चाटायची. आज ती ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते, नावाआधी डॉक्टर लावते, तिला येताना बघून पोरं मोबाइल खिशात घालतात. पण मला विचाराल तर रत्ना म्हटलं की अजून तीच दिसते, बांधावर उकिडवी बसलेली, नाक वाहतंय, फ्रॉकची शिवण उसवलेली, आणि जिभेवर ढेकूळ. आईने तिला त्यापायी इतके धपाटे घातलेत की दुसरी असती तर मातीच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती.

मी मंदा, तिची थोरली. भिवंडीत लूमच्या गल्लीत माझी भिसी आहे. भिसी म्हणजे कामगारांची खानावळ. महिन्याचे मेंबर असतात, शिफ्ट सुटली की जेवायला येतात, आणि डाळीत मीठ कमी पडलं तर तोंडावर सांगतात. तेव्हा मिठातलं मलाही थोडंफार कळतं. पण रत्नाने आख्खा जन्म मिठावर काढला, आणि तोही लहानपणीच्या एका प्रश्नापायी.

आमचं गाव दापोड्याच्या पलीकडे, खाडीकडे उतरत गेलं की लागायचं. लागायचं म्हणते, कारण आता ते शोधावं लागतं. गोडाऊनच्या निळ्या पत्र्यांमधून रस्ता जातो, रस्त्यावर कंटेनर उभे, आणि त्यांच्या मागे कुठेतरी आमचा बुद्धविहार आणि चार घरं. तेव्हा तिथे नुसती खार होती. खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं आणि आतल्या जमिनीत भात करायचा, ती खार. बांधाला एक लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणायचे. भरती आली की खाडीच्याच दाबाने ते मिटायचं, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडायचं. रत्ना त्या दारापाशी तासन् तास बसायची. जमीन केसरीनाथदादांच्या घरची, आणि आमची आई हौसा बाकीच्या बायांबरोबर तिथे कामाला. बाबा साइझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, रातपाळी करायचे, दिवसा त्यांना झोप पाहिजे, म्हणून आम्हा दोघींना आई आपल्याबरोबर खारीत न्यायची.

उन्हाळ्यात त्या जमिनीवर पांढरा थर यायचा. मिठाचाच. पाय ठेवला की कुरकुर वाजायचं, आणि भेगाळलेल्या टाचांची अशी आग व्हायची की बाया खाडीला शिव्या देत चालायच्या. आणि त्याच जमिनीत पावसाळ्यानंतर राता डोलायचा. राता म्हणजे आमचा तांबडा भात. टरफल काळपट, आत दाणा लाल. बाजारात त्याला कुत्रं विचारत नव्हतं. पण त्याची पेज! आई चुलीवर मडक्यात घोटायची, तोंडी लावायला भाजलेला सुका जवळा आणि कांदा, बस. मी आता रोज मोठाले टोप भरून तांदूळ शिजवते, पण तो वास परत नाकाला लागला नाही. कधी कधी भात उकळताना मी उगाच झाकण काढून नाक पुढे नेते. येड्यासारखी. मेंबर विचारतात, "क्या हुआ मौसी, जल गया क्या?" मी म्हणते, हो, जळलं, तू जेव.

तर एकदा बांधावर जेवायला बसलो होतो. रत्नाने एका हातातलं ढेकूळ चाटलं, दुसऱ्या हाताने पेजेचा घोट घेतला आणि आईला विचारलं, "आई, जमीन खारट हाय. मग भात खारट का न्हाय?"

"गप जेव," आई म्हणाली.

"पन मग मीठ जातं कुठं?"

बाया खो खो हसल्या. एकजण म्हणाली, जा, खाडीला विचार. आई मात्र हसली नाही. मला चांगलं आठवतंय, तिने पेजेत बोट बुडवून चाखलं, मग त्या ढेकळाकडे बघितलं, आणि म्हणाली, "मला काय म्हाईत, पोरी? तू शीक आन् मला सांग." आईने ते सहज म्हटलं होतं, पोर गप्प बसावी म्हणून. पण ह्या कार्टीने ते मनावर घेतलं.

मनावर म्हणजे किती? आईचे गुडघे शेकायला अकलोलीच्या गरम कुंडांवर गेलो, तर बाकीची पोरं पाण्यात पाय सोडून बसली आणि ही ओंजळभर पाणी चाखून आली, म्हणे हे आपल्यापेक्षा वेगळं खारं आहे. बारावीला सायन्स घेतलं, आमच्या वस्तीत पहिलीच. मग बीएस्सी, एमएस्सी, मग अंबाडीला कॉलेजात नोकरी, वाड्याच्या एसटीने रोज जाऊन-येऊन. लग्नाचं काढलं की "बघू" म्हणायची, बघता बघता केस पिकले. आणि मी सुनेच्या हातात लाटणं दिलं त्या वयात हिने पीएचडीला नाव घातलं. विषय काय, तर भाताच्या रोपात सोडियम आणि पोटॅशियमची ने-आण करणारी वाहक प्रथिनं. मला पाठ आहे, कारण आख्ख्या गल्लीला मीच सांगत फिरत होते. लोकांना वाटलं हिने ट्रान्सपोर्टचा धंदा काढला. शेजारचा विचारतो, टेम्पो किती घेतले मॅडमनी?

मला तिने ते भिसीच्याच भाषेत समजावलं. शुक्रवार होता, लूम बंद, मी कांदे चिरत बसले होते.

"हे बघ ताई," ती म्हणाली, "पोटॅशियम म्हणजे तुझा महिन्याचा मेंबर. रोपाला तो लागतोच, त्याच्यावाचून पान ताठ राहत नाही, आतली कामं चालत नाहीत. मुळांच्या अंगाला दारं असतात, प्रथिनांची बनलेली, डोळ्याला न दिसणारी. मेंबर आला की दार त्याला आत घेतं. आता सोडियम, म्हणजे मिठातला तो. दिसायला ह्याचाच भाऊ. खारीत त्याची ही गर्दी. तो मेंबरच्या मागोमाग आत घुसतो, त्याच्या पाटावर बसतो, काम काडीचं करत नाही आणि चाललेलं काम बंद पाडतो."

"माझ्या भिसीत असा घुसला ना, तर झाऱ्याने हाणीन."

"तेच तर! मुळांमध्येच काही दारं असतात, आपल्या उघाडीसारखी, ती त्याला परत बाहेर ढकलतात. तरी काही निसटतात आणि पाण्याबरोबर वर निघतात, पानांकडे. साध्या भाताचा तिथेच निकाल लागतो. पण मिठाला टिकणारा भात असेल तर ज्या नळीतून पाणी वर चढतं, तिच्या काठाला आणखी प्रथिनं बसलेली असतात, पहाऱ्याला. ती त्या वाहत्या पाण्यातून सोडियमला तेवढं वेचून मागे ओढतात. पोटॅशियमला हात लावत नाहीत. तो सरळ वर जातो, कोवळ्या पानाला, लोंबीला."

"आणि त्यांच्याही हातून सुटला तर?"

"तर म्हाताऱ्या पानांत. तिथे प्रत्येक पेशीत एक कोठी असते, तिच्यात सोडियम कोंबायचं आणि दार लावून घ्यायचं. फारच झालं की ती पानं जळतात. पण वरचं वाचतं."

मी विळी बाजूला सारली. म्हटलं, मग झालं की गं! मिळालं तुझं उत्तर. ऊठ, आईला सांग. तर ही खाली मान घालून म्हणाली, "हे दुसऱ्या भातांचं आहे, ताई. लॅबमधल्या, पुस्तकातल्या. आपला राता मी अजून तपासलाच नाही."

का नाही तपासला? कारण तो घरचा. घरचं कुठे पळून जातंय, असं माणसाला वाटतं. आणि तो पळून गेला. एका उधाणात बांधाला खांड पडली, खाडी आत शिरली. पूर्वी खांड पडली की हाळी घालायचे आणि ज्याच्या हातात जे असेल ते टाकून गाव मातीची पाटी घेऊन धावायचं, मध्यानरात्र असो की लग्नाची पंगत. ह्या वेळी कोणी धावलं नाही. बुजवून करायचं काय, गोडाऊनसाठी भराव तर पडणारच होता. मुरमाचे डंपर आले. रत्नाची पीएचडी झाली त्याच साली खार संपली. आम्ही गल्लीत पेढे वाटत होतो आणि ती गच्चीवर एकटी रडत होती. मला वाटलं, आनंदाने रडतेय. म्हटलं, रड बाई, कमावलंयस.

त्याला चार पावसाळे झाले. मग गेल्या उन्हाळ्यात केसरीनाथदादा भिसीत आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पांढरा शर्ट, गळ्यात चेन, गुडघे गेलेले. गोडाऊन भाड्याने दिलीत, बंगला झालाय, पण बंगल्यात जीव रमत नाही म्हणून दिवसभर गाडी घेऊन भटकतात. हातात वर्तमानपत्राची पुरचुंडी.

"मंदा, रत्ना हाय का? आमच्या आयशीनं ठेवलेलं नवं गावलंय."

नवं म्हणजे नवीन पिकाच्या लोंब्या. आंब्याच्या पानांबरोबर बांधून दाराला लावतात त्या. त्यांच्या आईने खारीच्या शेवटच्या पिकाचं नवं दारावरून उतरवून फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं होतं. ती गेली, आणि आता जुन्या घरातल्या फळ्या काढताना ते खाली पडलं. दादांना फेकवेना.

रत्नाने लोंब्या दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतल्या, तान्हं पोर घ्यावं तशा. चार पावसाळे खाल्लेलं बी, इथली हवा ही अशी दमट, भाताचं बी एवढं टिकत नाही, हे तिनेच सांगितलं. ओल्या फडक्यात मोड आणायला ठेवलं तर बहुतेक कुजलं. उगवलं ते बोटावर मोजण्याएवढं. दुसरीकडे कुठे कोणाकडे राता असेलही, मला माहीत नाही. पण आमच्या खारीतला तेवढाच. तो दाण्यावर आला नाही तर संपला, कायमचा.

भिसीच्या गच्चीवर अर्धी कापलेली निळी पिंपं मांडून, तळाला भोकं पाडून, तिने तो लावला.

आता आईचं सांगायला हवं. आई ऐंशीच्या पुढे, माझ्याकडेच असते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस सावलीसारखं दिसतं तिला. डॉक्टर म्हणाला, साधं ऑपरेशन आहे, त्याच दिवशी घरी सोडू. तर म्हणते, "पुढल्या साली मी कुठं असनार हाय? कशाला चिरफाड?" नवी चप्पल घेऊ म्हटलं, तेच. स्वेटर घेऊ म्हटलं, तेच. पुढल्या साली मी कुठं, पुढल्या साली मी कुठं! ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं. रोज आमची त्यावरून जुंपायची. मी ओरडायची, अगं, गेली दहा वर्षं हेच म्हणतेयस, चप्पल तरी घे! आणि खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी आई उठून दाराकडे निघाल्यासारखं वाटायचं.

राता उगवला कळल्यावर हीच बाई भिंत धरून गच्चीचा जिना चढली. रोपं हाताने चाचपली, पान गालाला लावलं, आणि म्हणाली, "एकदा ह्याची पेज खाल्ली की मी मरायला मोकळी." रत्नाने ते ऐकलं. त्यानंतर ती कॉलेजला जाण्याआधी गच्चीवर, आल्यावर चप्पल न काढता गच्चीवर. मी म्हणायची, पिंपाशीच लग्न लाव आता.

आमच्या खारीत एक रीत होती. भात पोटरीला आलं, म्हणजे लोंबी अजून पोटात आहे, बाहेर पडायची आहे, अशा वेळी गावातल्या प्रत्येक घरची चुलीतली राख पाट्या भरून न्यायची आणि सकाळच्या वाऱ्यावर खारीत उधळायची. प्रत्येक घरची, बरं का. आमच्या बौद्धवाड्यातलीसुद्धा. पाण्याला आमचा हंडा लांब ठेवायचा, पण राख आमची चालायची! आई म्हणायची, "राखेला जात नसते." मी विचारायची, मग पाण्याला असते व्हय? त्यावर ती पाटी डोक्यावर घेऊन चालायला लागायची. पुढे रत्नाने सांगितलं, लाकडाच्या राखेत पोटॅशियम भरपूर असतं. मिठाची गर्दी झालेल्या दारात मेंबर वाढवायचे, म्हणजे तेच जास्त आत जातात. आमच्या बायांना त्यातलं नाव एक माहीत नव्हतं, पण काम बरोबर चालायचं.

नवरात्राच्या सुमारास राता पोटरीला आला. पाऊस ओढ देऊन बसला होता. आईने रोप चाचपलं आणि फर्मान काढलं, राख पाहिजे. आता राख आणायची कुठून? आख्ख्या गल्लीत गॅस, माझी भिसीपण गॅसवर. दादांच्या कानावर गेलं. दादांच्या मनात ती खांड सलत होतीच, त्यांना काहीतरी करायचं होतं. दुसऱ्या दिवशी गोणी घेऊन हजर. त्यांच्या जागेत भाड्याने एक डाइंगचा कारखाना आहे, त्याच्या बॉयलरमागे राखेचा ढीग असतो, तिथली. लाकडाचीच हाय, बघून आनली, म्हणाले. रत्ना कॉलेजात, मी दुपारच्या जेवणात बुडालेली. दोघं म्हातारी गच्चीवर गेली, पिंपापिंपांत राख घातली, वर तांब्याने पाणी शिंपडलं, आणि हात झटकत खाली आली. किती वर्षांनी दोघांनी मिळून खारीचं काम केलं होतं! आईचा चेहरा असा उजळला होता की मी हातातलं काम टाकून दोघांना आलं घातलेला चहा केला.

दोन दिवसांनी वरून रत्नाची हाक आली. नुसतं "ताई!" मी पिठाच्या हाताने धावले. खालच्या पानांची टोकं भाजल्यासारखी, पानांच्या सुरळ्या झालेल्या. रत्नाने पिंपातल्या राखेत बोट घातलं आणि, पन्नाशीला आलेली डॉक्टरीणबाई, बोट चाटलं.

"मीठ," ती म्हणाली.

मी चाखलं. मीठच. डाळीत एवढं पडलं असतं तर मेंबरांनी ताटं भिरकावली असती.

राख कुठली ते ऐकलं तेव्हा उलगडा झाला. कापडावर रंग बसावा म्हणून डाइंगवाले गोण्यांनी मीठ ओततात. फाटक्या गोण्यांचं झाडून काढलेलं मीठ त्याच ढिगावर टाकलेलं. हे फक्त भिवंडीत होऊ शकतं, मिठावर उतारा म्हणून राख आणायची आणि राखेतून मीठच घेऊन यायचं! माझं टाळकं सटकलं. दादा तेवढ्यात जिना चढून आले, आणि मी त्यांना नको ते बोलले. म्हटलं, खार घालवलीत ती घालवलीत, आता ह्या पिंपांवरपण भराव घाला! दादा तिथेच पायरीवर बसले.

"मंदे, राख मी मागितली," आई खालून म्हणाली.

रत्ना कोणावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "रोप खारीचंच आहे. पण खारीतसुद्धा ह्या दिवसांपर्यंत पावसाने मीठ धुतलेलं असतं. पोटरीत एवढं मीठ सोसेल की नाही, मला नाही माहीत." मग पदर खोचून उभी राहिली. "गोडं पाणी पाहिजे. पुष्कळ. आत्ताच्या आत्ता."

नळ एक दिवसाआड येतो, आणि तो दिवस नळाचा नव्हता. दादा उठले, फोन लावला, थोड्याच वेळात त्यांच्या बोअरच्या पाण्याचा टँकर गल्लीत. रत्नाने ओंजळ तोंडाला लावली आणि मान हलवली. "दादा, हेपण खारं." बिचाऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. खाडीकाठची बोअर, तिला गोडी कुठून येणार! शेवटी मी भिसीचे पिण्याच्या पाण्याचे जार काढले, साठवणीचं पिंप उघडलं. तेवढ्यात शिफ्टची मंडळी जेवायला आली. मी म्हटलं, आज खाना लेट, पहिले पानी ऊपर. एकाने विचारलं, "किसके लिए, मौसी?" म्हटलं, धान के लिए. "अरे, तो पहले बोलना था! हमारे घर भी धान है." आणि बाल्टी उचलून जिना चढला. मग सगळेच. शेजारच्या बायकांनी आपापले हंडे दिले. वरून पाणी घालायचं, खालच्या भोकांतून ते गळायचं, आणि रत्ना गळणारं पाणी बोटाने चाखायची. अजून खारं. अजून खारं. जिना सगळा निसरडा झाला, डाळ थंडगार झाली, कोणी तक्रार केली नाही. ऊन उतरता उतरता ती म्हणाली, "आता बरंय." मग खताच्या दुकानातून पोटॅश आणून थोडंसं विरघळवून घातलं.

पुढचे दिवस नकोत ते. खालची पानं एकामागून एक जळत वर सरकत होती. मला घाण बघवत नाही, मी कात्री घेऊन ती साफ करायला बसले, तर रत्नाने माझं मनगट धरलं. "हात लावू नको, ताई. मीठ त्यांनी धरून ठेवलंय." मी वर बघितलं. सगळ्यात वरचं पान, पोटरीला बिलगलेलं, अजून हिरवं होतं.

त्या दिवसांत ती जेवताना मध्येच थांबायची. एकदा म्हणाली, "जगातले भात वाचले मी, ताई. कुठलं प्रथिन सोडियमला कसं मागे ओढतं, सगळं वाचलं. आणि घरचा भात उभा होता तेव्हा त्याच्याकडे बघितलं नाही." मला पोटातून वाईट वाटलं. जवळबिवळ घ्यायची आमच्यात पद्धत नाही. मी तिच्या ताटात बोंबलाचा मोठा तुकडा वाढला, माझ्या वाटणीचा.

दादा रोज यायचे, माझी नजर चुकवून वर जायचे, दूध सांडलेल्या मांजरासारखे हळूच खाली यायचे. शेवटी मीच म्हटलं, दादा, चहा घ्या, गुडघ्यांचे हाल करू नका. ते म्हणाले, "माझी आयस असती ना मंदा, तर तिनं मला झोडपला असता." मी म्हटलं, ती असती तर पहिली खांड बुजवली असती. मग आम्ही दोघंही हसलो. करणार काय!

आणि एका सकाळी लोंबी बाहेर पडली. सगळ्याच रोपांची नीट नाही, काही पांढऱ्या पडल्या, दाबून बघितलं तर पोकळ. पण काहींमध्ये दूध भरलं, त्या वाकल्या, टरफलं काळपट होत गेली. तशी रत्ना कॉलेजातून पळत यायला लागली. साडी नेसलेली बाई जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढते, शोभतं का? मी ओरडायची, आणि मागोमाग मीही चढायची.

कापणीच्या दिवशी आईला हाताला धरून वर नेलं, खुर्चीत बसवलं. दादाही आले. रत्नाने लोंब्या कापून पितळेच्या ताटात चोळल्या. झाले किती, तर आईच्या वाटीभर पेजेपुरते. नाहीतर पुढच्या पेरणीपुरते. दोन्हीला पुरणार नव्हते, हे मला दिसलं, दादांना दिसलं. रत्नाला तर केव्हाच दिसलं होतं. तरी तिने सकाळीच मडकं घासून ठेवलं होतं. गच्चीच्या कोपऱ्यात तीन विटा मांडून, लाकडंही लावून ठेवली होती. आईची इच्छा ती इच्छा. पण ताटावरची तिची बोटं काही केल्या निघत नव्हती.

ती आईच्या पायाशी बसली. "आई, तू म्हणाली होतीस, शीक आन् मला सांग."

"कवा गं?"

"बांधावर. मी विचारलं होतं, मीठ जातं कुठं."

आई त्या पांढुरक्या डोळ्यांनी तिच्या आवाजाकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडावर हसू आलं. "त्ये व्हय? अजून त्येच धरून बसलीस?"

रत्नाने रोपाचं सगळ्यात खालचं, जळून कोळसा झालेलं पान तोडलं आणि तिच्या ओठाला लावलं. आईने चघळलं आणि तोंड वाकडं केलं. "आयो! खारट!" मग रत्नाने एक दाणा नखाने सोलला आणि तो लाल दाणा तिच्या जिभेवर ठेवला. आईच्या तोंडात दोन-तीनच दाढा उरल्यात. तिने तो बराच वेळ घोळवला, मग दाढेखाली घेतला. गल्लीतले लूम खडखडत होते, आणि आम्ही तिघं तिच्या जबड्याकडे बघत होतो.

"गोड हाय," ती म्हणाली. "राताच हाय गं."

"मीठ खालच्या पानांनी ठेवून घेतलं, आई. वर जाऊ दिलं नाही."

आईने ते जळकं पान परत हातात मागितलं. अंगठ्याने चाचपत राहिली. "म्हंजे उगाच न्हाय जळली बिचारी," ती म्हणाली. रत्नाला रडू फुटलं. दादा रुमालाने तोंड पुसायला लागले. मला काय करावं सुचेना, म्हणून मी काडेपेटी उचलली आणि म्हटलं, चला, चूल पेटवते, पेज टाकू.

"कसली पेज?" आई म्हणाली.

"अगं, रात्याची! तुला खायची होती ना?"

तिने ताट मांडीवर ओढलं. दाण्यांवरून तळहात फिरवला, सगळे एका बाजूला गोळा केले, आणि ताट रत्नाकडे सरकवलं. "ह्ये पेरायचं. दादा, उघाडीपाशी तुझा एक तुकडा हाय न्हवं, भराव न पडलेला?"

"हाय, हौसाबाय," दादा म्हणाले.

"मग झालं तर. पेज पुढल्या साली."

काडेपेटी माझ्या हातातच राहिली. रत्ना रडायची थांबली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आईला आमचं ते बघणं कुठून दिसणार! ती खुर्चीतून उठली, हात पुढे करून माझा खांदा शोधला, आणि जिन्याकडे निघता निघता म्हणाली, "मंदे, त्या डोळ्याच्या डाक्टरला इचार, कवा येऊ म्हून. लोंबी काय नीट दिसली न्हाय मला."